फ्रान्सची खेडी पाहायची तर एक खोरं धरा

फ्रान्समधल्या खेड्यांची माहिती शोधायला बसलं की ‘फ्रान्सची सर्वांत सुंदर खेडी’ ही यादी हमखास समोर येते. हे नुसतं कौतुक नाही, एका संस्थेचं नाव आहे. कोलाँज-ला-रूज या लाल दगडाच्या गावाचे महापौर शार्ल सेराक यांच्या पुढाकाराने ती 1982 साली सुरू झाली. गावाची वस्ती 2,000 च्या आत हवी आणि संरक्षित दर्जाची किमान दोन स्थळं किंवा वास्तू हव्यात, या तिच्या मुख्य अटी. आज यादीत पावणेदोनशेच्या आसपास गावं आहेत आणि घोळ तिथेच होतो. माणसं नकाशावर ठिपके जोडत सुटतात, दिवसाला चार गावं उरकतात आणि रात्री फोटो बघताना कुठलं गाव कुठलं ते त्यांनाच सांगता येत नाही.

माझं म्हणणं असं, की यादी बाजूला ठेवावी आणि एक नदी निवडावी. तिच्या काठी एकाच ठिकाणी चार-सहा दिवस मुक्काम टाकावा आणि जमेल तितक्या गावांत पार्किंगमधून न शिरता पायवाटेने किंवा पाण्यावरून शिरावं. त्यासाठी नैऋत्य फ्रान्समधलं दोर्दोन्य नदीचं खोरं घेऊ. आदिमानवाच्या चित्रगुहा, एकमेकांकडे डोळे वटारून उभे असलेले किल्ले, काटकोनात आखून वसवलेली बाजारगावं आणि चालायच्या खुणावलेल्या वाटा, सगळं तिथे मुक्कामापासून साधारण तासाभराच्या आत आहे.

आधी महिना ठरवा, मग तिकीट

मे, जून आणि सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेंच लोकच सुट्टीवर असतात. नदीकाठच्या अरुंद रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात. नोव्हेंबरनंतर उलटी अडचण, अनेक हॉटेलं आणि काही किल्ले थेट वसंतापर्यंत बंद. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी देशभर वारसा दिन असतात. एरवी कुलूप असलेल्या कितीतरी वास्तू तेव्हा उघडतात, म्हणून तारखांना वाव असेल तर तो आठवडा साधावा.

शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. गाडी चालवणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. आणखी एक, भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांत ऑटोमॅटिक कमी असतात आणि महाग पडतात. उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय नसताना डोंगरातल्या वळणांवर उजव्या हाताने गिअर टाकायचे नसतील, तर ती आधीच आरक्षित करा.

पॅरिसहून बोर्दोपर्यंत वेगवान रेल्वेने दोन तासांच्या थोडं वर लागतात. तिथून स्थानिक गाडी सार्ला या गावापर्यंत जाते. सार्ला हा मुक्कामाला सोपा पर्याय, कारण गाडी नसली तरी तिथे दुकानं, बाजार आणि सायकली मिळतात. कारने फिरणार असाल तर गावाबाहेरचं, स्वयंपाकघर असलेलं शेतघर घ्या. भर हंगामात अशी घरं बहुधा शनिवार ते शनिवार, पूर्ण आठवड्यानेच देतात.

पहिला दिवस नदीला द्या

खोऱ्याची मांडणी काठावरून कळत नाही, पात्रातून कळते. सेनाक किंवा वित्राकहून कनू, म्हणजे वल्ह्याची हलकी होडी, भाड्याने घ्या आणि प्रवाहाबरोबर बेनाकपर्यंत उतरा. सेनाकहून हे अंतर नऊ-दहा किलोमीटर आहे. थांबत थांबत तीन तास धरा. नदी इथे संथ आणि बरीचशी उथळ आहे, लाइफ जॅकेट मिळतं, पण पोहता येणं ही अट असते. होडी खाली सोडून दिली की भाड्याने देणारेच गाडीने परत आणतात. उलट्या दिशेने वल्हवायचा प्रश्नच येत नाही.

पहिल्यांदा येतं ला रोक-गाजाक. नदी आणि कडा यांच्यामध्ये जेमतेम एका रस्त्याची जागा, आणि त्यात घरं एकावर एक चढवलेली. वर कड्याच्या पोटात कोरलेली गढी आहे. 1957 साली याच कड्याचा मोठा तुकडा कोसळून खाली माणसं दगावली होती. हे कळल्यावर त्या घरांकडे नुसतं चित्र म्हणून बघवत नाही. धक्क्याला दिसणाऱ्या सपाट तळाच्या होड्या म्हणजे गाबार. पूर्वी त्यांतून लाकूड आणि दारू बोर्दोकडे जायची, आता पर्यटक जातात.

पुढच्या वळणावर डावीकडे कास्तेलनो आणि थोड्या वेळाने उजवीकडे बेनाक. शंभर वर्षांचं म्हणवलं जाणारं युद्ध, 1337 ते 1453, इथे शब्दशः दोन काठांवर चाललं. कास्तेलनो बराच काळ इंग्रजांच्या बाजूला, बेनाक फ्रेंच राजाच्या. होडीतून दोन्ही बुरूज एका नजरेत येतात आणि मधली नदी ही सरहद्द होती हे सांगावं लागत नाही. गड चढलेल्या मराठी माणसाला बेनाकचा कडा नवा वाटणार नाही, पण गावातून किल्ल्याकडे चढणारी दगडी गल्ली मात्र दम काढते. ती सकाळी नऊच्या आधी चढा. कास्तेलनोत मध्ययुगीन युद्धसामग्रीचं संग्रहालय आहे आणि अंगणात दगडफेकी यंत्रं उभी केली आहेत. लहान मुलं बरोबर असतील तर दोघांपैकी हाच किल्ला निवडा.

गाव वाचायला मोंपाझिएत शिका

फ्रेंच खेडं सुंदर असतं हे कुणालाही दिसतं. ते तसं का वसलं हे कळायला मोंपाझिएसारखं दुसरं ठिकाण नाही, म्हणून तिथे अर्धा दिवस काढावा. हे बास्तिद, म्हणजे ठरवून, आखून वसवलेलं गाव. वसवलं इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने, 1284 साली. कारण तेव्हा हा मुलूख इंग्लंडच्या राजाकडे होता आणि वस्ती वाढली की कर वाढतो, हद्दही पक्की होते. समोरचे फ्रेंच राजेही हेच करत होते. कड्यावरचं दोम हे तिसऱ्या फिलिपने 1281 मध्ये वसवलेलं बास्तिदच.

मोंपाझिएत असं फिरा. आधी वेशीतून आत या आणि सरळ जा. रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात, त्यामुळे चुकायची सोय नाही. मधोमध चौक येईल. त्यावर चर्च नाही, ते एका कोपऱ्याला सरकवलेलं आहे. चौक बाजारासाठी राखला होता. चौकाभोवती कमानींची ओसरी आहे, तिच्याखाली पावसात व्यापार चालायचा. एका बाजूला सोळाव्या शतकातला लाकडी मंडप आणि त्याच्याखाली धान्य मोजायची जुनी मापं अजून जागच्या जागी आहेत. मग दोन घरांच्या मध्ये बघा. हातभर फट सोडलेली दिसेल. आग एका घरातून दुसऱ्यात जाऊ नये आणि सांडपाणी वाहून जावं, यासाठी ती ठेवलेली. गुरुवारी आलात तर बाजारही मिळेल.

हे एकदा कळलं की बाकीची गावं आपोआप वेगळी दिसू लागतात. कुठलंही गाव असो, पाच गोष्टी शोधाव्यात: चर्च, बाजाराची जागा, वेस, धुणं धुवायचं सार्वजनिक टाकं, आणि 1914-18 च्या युद्धातल्या मृतांचं स्मारक. हे शेवटचं जवळजवळ प्रत्येक गावात आहे. तिथे थांबून नावं वाचा. दोन-तीनशे वस्तीच्या गावात वीस नावं असतात आणि त्यांत एकच आडनाव तीनदा येतं. भारतीय सैनिकही त्या युद्धात फ्रान्समध्ये लढले, पण त्यांच्या खुणा या खोऱ्यात नाहीत. त्या दूर उत्तरेला आहेत. नव-शापेलच्या भारतीय स्मारकावर 4,700 हून अधिक नावं कोरलेली आहेत.

छपरांकडेही मान वर करून बघा. जुन्या घरांवर कौलं नसून चुनखडीच्या फरशा एकावर एक रचलेल्या असतात. त्यांचं वजन चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या घरात जातं, म्हणून खालच्या तुळया तशा दणकट आणि छपराचा उतार तसा तीव्र.

गुहांचं आरक्षण सर्वांत आधी

उपनदी वेझेरचं खोरं 1979 पासून जागतिक वारसा यादीत आहे. लास्कोची गुहा 12 सप्टेंबर 1940 ला चार पोरांना सापडली. पुढे प्रेक्षकांच्या श्वासाने आणि दिव्यांनी चित्रांवर शेवाळ धरू लागलं, तेव्हा 1963 मध्ये ती बंद करावी लागली. मोंतिन्याकला आज दिसते ती 2016 मध्ये उघडलेली संपूर्ण प्रतिकृती. प्रतिकृती म्हणून नाक मुरडू नका, काम अप्रतिम आहे. पण खरी, हजारो वर्षांपूर्वी हाताने काढलेली रंगीत चित्रं समोरासमोर बघायची असतील तर लेझेझीजवळच्या फों-द-गोममध्ये जा. तिथे रोज मोजक्याच लोकांना सोडतात, म्हणून विमानाच्या तिकिटाबरोबरच हेही आरक्षण बघा. न मिळालं तर रूफिन्याक, तिथे छोट्या विजेच्या गाडीतून आत नेतात आणि मॅमथची रेखाटनं दाखवतात. गुहांत उन्हाळ्यातही गारठा असतो, स्वेटर लागतोच.

पायवाटा

फ्रान्समध्ये वाटांच्या खुणा झाडांवर, खांबांवर, कुंपणाच्या दगडांवर रंगवलेल्या असतात. पांढरा-लाल पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची वाट, पिवळा-लाल म्हणजे प्रादेशिक, नुसता पिवळा म्हणजे गावाभोवतीचा काही तासांचा फेरा. फुली दिसली तर त्या दिशेला जायचं नाही. पहिल्यांदा पिवळ्या फेऱ्यांवरच राहा, ते जिथून निघता तिथेच परत आणतात. राष्ट्रीय नकाशा संस्थेचा 1:25,000 चा नकाशा गावच्या दुकानात मिळतो; दरीत मोबाइलला रेंज नसते तेव्हा तोच उपयोगी. चालायचं नसेल तर सार्लाहून जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सायकलवाट आहे, जवळजवळ सपाट.

शरद ऋतूपासून हिवाळाअखेर शिकारीचा हंगाम असतो. शिकार चालू असल्याची पाटी दिसली तर दुसरी वाट धरा आणि अंगात भडक काहीतरी असू द्या. उन्हाळ्यात गवतातून चालून आल्यावर पाय नीट तपासा, गोचिडी असतात. अडचणीत फोन 112 ला.

पोटाचं आणि रीतीचं

दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’, मग काम. हे विसरलात तर थंड वागणूक मिळते आणि लोक तिला फ्रेंचांचा माज समजतात. जेवण बारा ते दोन. अडीचला पोचलात तर स्वयंपाकघर बंद, मग संध्याकाळी सातपर्यंत कोरडं. रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याच गावांत सोमवारीही दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी सार्लाच्या बाजारातच दोन दिवसांची बेगमी करून ठेवा. अक्रोड, स्ट्रॉबेरी, बकरीच्या दुधाचं छोटं गोल चीज आणि पाव, एवढ्यात नदीकाठचं जेवण होतं.

शाकाहारींनी एका गोष्टीला सांभाळावं. या भागातले लसूण घातलेले सार्ला बटाटे मेनूकार्डावर निरुपद्रवी दिसतात, पण ते बदकाच्या चरबीत परततात. लसणाच्या सूपलाही अनेकदा हीच चरबी असते. मांस खात नाही एवढं सांगून भागत नाही, चरबीचं वेगळं विचारावं लागतं. उन्हाळ्यात काही गावांच्या चौकात रात्रीचे बाजार भरतात, लांब बाकांवर बसून खायचे. तिथे ताटल्या, काटे, पेले घरूनच न्यायची पद्धत आहे, म्हणून निघताना भाड्याच्या घरातली भांडी पिशवीत घाला.