सरावात झकास, सामन्यात गोंधळ: फुटबॉलचे डावपेच शिकवताना या चुका टाळा

गेल्या हंगामाआधी मी चौदा वर्षांखालच्या पोरांना एक चाल शिकवली. गोलरक्षकाने चेंडू उजव्या सेंटर बॅकला, म्हणजे गोलपुढच्या बचावपटूला द्यायचा, त्याने मधल्या फळीतल्या मधल्याला, मधल्याने एका टचमध्ये उजव्या कडेच्या राइट बॅकला आणि तिथून विंगवर, म्हणजे पुढे कडेला, लांब. तीन आठवडे जमिनीवर प्लास्टिकचे मार्कर मांडून घोटून घेतली. डोळे मिटून करतील इतकी. पहिल्या सामन्यात त्यांनी ती खरंच डोळे मिटून केली. समोरच्यांनी आमच्या मधल्याच्या पाठीला एक पोरगा चिकटवून ठेवला होता, आमची डावी बाजू सताड मोकळी होती, तरी सेंटर बॅकने चेंडू मधल्यालाच दिला. गोल खाल्ला. हाफ टाइमला विचारलं, "त्याच्या पाठीवर माणूस होता, दिसला नाही का?"

"दिसला की ओ सर. पण तुम्हीच सांगितलं होतं न्हवं, मधल्याला द्यायचा."

पोरगं बरोबर होतं. मी त्याला उत्तर पाठ करून दिलं होतं आणि सामन्यात प्रश्न वेगळा आला. डावपेचांच्या सरावाने खेळाडूची विचारशक्ती वाढते हे खरं, पण तो सराव त्याला कुठे बघायचं हे शिकवत असेल तरच. नाहीतर तोच सराव विचार बंद पाडतो. कोल्हापुरात पोरांना फुटबॉल शिकवताना मी ज्या चुका केल्या आणि शेजारच्या मैदानांवर होताना बघतो, त्या इथे लिहितो आहे.

मार्करला हरवून काय उपयोग?

सरावात चाल घड्याळासारखी चालते आणि सामन्यात पाचव्या मिनिटाला मोडते, याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. मार्कर हलत नाही. निर्णय घ्यायला लागणारी सगळी माहिती विरोधकाच्या हालचालीत असते: तो कोणत्या पायाने येतो, कोणती बाजू झाकतो, पाठीमागे काय उघडं टाकतो. विरोधकच नसेल तर पोरगा फक्त क्रम पाठ करतो. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या बंकर आणि थॉर्प या दोघांनी १९८२ मध्येच शिकवण्याचा क्रम बदलून मांडला होता: आधी खेळ, त्यातून पोराला अडचण जाणवू दे, मग त्या अडचणीपुरतं तंत्र शिकव. आपल्याकडे अजून उलटंच चालतं. अर्धा तास रांगेत उभं राहून पास आणि शेवटची दहा मिनिटं "मॅच".

म्हणून चाल दाखवायची असेल तर विरोधकांशिवाय दहा मिनिटं चालत चालत दाखवा, त्यात काही वाईट नाही. मग लगेच माणसं घाला. मागून खेळ उभा करायचा असेल तर गोलरक्षक धरून पाच जणांसमोर तीन प्रेस करणारे, म्हणजे अंगावर जाऊन चेंडू हिसकावणारे, ठेवा आणि त्या तिघांना कोणतीही बाजू झाकायची मुभा द्या. २०१९ पासून गोलकिकचा चेंडू डीच्या, म्हणजे गोलपुढच्या चौकटीच्या, बाहेर जायची वाट बघावी लागत नाही, आपला खेळाडू तो आतच घेऊ शकतो. त्यामुळे हा प्रसंग आता प्रत्येक सामन्यात दहादा येतो. सरावातही दहादा यायला हवा, दर वेळी थोडा वेगळा.

रोंडोबद्दल जाता जाता. चौकोनात उभं राहून आपसात पास द्यायचे, मधल्या पोराच्या पायांतून चेंडू काढायचा आणि हसायचं, याला बरेच जण डावपेचांचा सराव समजतात. चेंडू राखायला तो उत्तम आहे. पण त्यात पुढे जायची दिशाच नसते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी त्याच चौकोनाच्या दोन टोकांना छोटे गोल ठेवा. मग कळतं, राखायचा कधी आणि सोडायचा कधी हे कोणाला समजतं.

रेषेवरून ओरडणं

ही चूक सगळ्यात महाग पडते आणि ती सोडणं सगळ्यात अवघड. "सोड!" "मार!" "टर्न!" चेंडू पोराच्या पायात पोचायच्या आत आमचा आवाज पोचलेला असतो. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की गॅलरीत पेठेचे शे-दोनशे कोच बसलेले असतात, त्यांना कोण अडवणार? पण चौदा वर्षांखालच्या पोरांच्या मैदानावर तरी एकच आवाज असतो, आणि तो आपला.

एकदा शर्टाच्या खिशात मोबाइल रेकॉर्डिंगला लावून मी एक अख्खा हाफ काढला. घरी जाऊन ऐकलं. पहिल्या पाच मिनिटांतच मोजायचं सोडून दिलं. माझं वाक्य संपायच्या आत प्रसंग संपलेला होता आणि पोरगं पुढच्या प्रसंगात मागच्या वाक्याप्रमाणे वागत होतं.

डॅनियल मेमर्ट आणि फिलिप फर्ली या जर्मन संशोधकांनी २००७ मध्ये हँडबॉलच्या प्रसंगांवर प्रयोग केले होते. खेळाडूला एका विशिष्ट बचावपटूवर लक्ष ठेवायला सांगितलं की समोर सरळ मोकळा उभा असलेला साथीदार अनेकांना दिसतच नाही. डोळे उघडे, मान सरळ, तरी दिसत नाही. म्हणजे आमची सूचना नुसती फुकट जात नाही, ती पोराची नजर अरुंद करते.

उपाय ऐकायला सोपा: चेंडू खेळात असताना गप्प बसायचं. मी ते करून बघितलं तेव्हा पहिले दोन आठवडे पोरं चेंडू मिळाला की माझ्याकडे बघायची. इतकी सवय झालेली. तिसऱ्या आठवड्यात एकमेकांशी बोलायला लागली, "पाठीवर आहे", "वेळ आहे", "मला दे". हेच हवं होतं.

बोलायचं ते चेंडू बाहेर गेल्यावर. तिथेही एक अडचण आहे आणि ती आपल्या भाषेची आहे. आपल्याकडे "का दिलास?" हा प्रश्न नसतोच, ती झाडाझडती असते. पोरगं बुटांकडे बघतं आणि "सॉरी सर" म्हणतं, संपला विषय. त्याऐवजी "काय दिसलं तुला?" असं विचारा. उत्तर येतं. कधी असं येतं की आपल्यालाच कळतं, रेषेवरून जे दिसत होतं ते मैदानाच्या मधून दिसणं शक्यच नव्हतं.

मान फिरवणं आणि बघणं

स्पेनचा मधल्या फळीतला खेळाडू झावी मान सतत फिरवत असे. नॉर्वेचे संशोधक गेइर यॉर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या मधल्या फळीच्या खेळाडूंचा अभ्यास केला, तेव्हा चेंडू मिळण्याआधी जास्त वेळा आजूबाजूला बघणाऱ्यांचे पास जास्त यशस्वी होताना आढळले. हे कानावर पडल्यापासून आमच्या सगळ्या मैदानांवर "मान वळव" सुरू झालं. पोरं मान वळवतात, अगदी कवायतीसारखी. विचारा काय दिसलं, तर काही नाही.

खरा मुद्दा वेळेचा आहे. चेंडू दोन साथीदारांमध्ये प्रवास करत असतो तेव्हा बघायचं. आपल्याकडे निघाला की नजर चेंडूवर हवी, नाहीतर पहिला टचच सुटतो. सराव साधा ठेवा: घेणाऱ्याच्या पाठीमागे एक बचावपटू उभा करा आणि त्याला गुपचूप सांगा, कधी अंगावर जा, कधी जागेवर थांब. तो आला तर चेंडू परत द्यायचा, थांबला तर वळून पुढे जायचं. न बघता वळलेला दोनदा चेंडू गमावतो, तिसऱ्यांदा आपसूक बघतो.

एका सरावात किती गोष्टी शिकवायच्या? एक. फळ्यावर बाणांचं जाळं काढून झाल्यावर पोरांना शेवटचा बाण तेवढा आठवतो.

गोल झाला म्हणजे निर्णय बरोबर?

नाही. तरी आम्ही टाळ्या त्यालाच वाजवतो. तीन साथीदार मोकळे असताना पोरगा तीस मीटरवरून मारतो, गोलरक्षकाच्या हातातून निसटून आत जातो, आणि पुढचा महिनाभर तो तिथूनच मारत बसतो. उलट दुसरा पोरगा अचूक मोकळी जागा हेरतो, पास जरा जोरात जातो, सगळे ओरडतात. पुढच्या वेळी तो डोकं न लावता लांब उडवतो.

म्हणून मी वहीत तीन रकाने पाडले: दिसलं नाही, दिसलं पण निवड चुकली, निवड बरोबर पण पाय चुकला. चूक बाहेरून एकच दिसते, पण तिन्हींची दुरुस्ती वेगळी आहे. पहिल्याला पाठीमागच्या बचावपटूचा सराव, दुसऱ्याला छोट्या मैदानावरचे सामने, तिसऱ्याला भिंत आणि चेंडू. तिसऱ्या रकान्यातल्या पोराला डावपेच समजावत बसलात तर त्याचा होता तो विश्वासही जातो.

जागा लवकर ठरवून टाकणं हीसुद्धा एक चूकच. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हापासून "माझा पोरगा फॉरवर्डच" म्हणणारे पालक मला दर हंगामात भेटतात. अहो, त्याला महिनाभर लेफ्ट बॅक खेळू द्या. बॅकला चेंडू सोडताना समोर काय दिसतं हे कळल्याशिवाय विंगवर कुठे धावायचं हे कसं कळणार?

आणि मोबाइल. डोकं तल्लख करणारी ॲप मुलांना घेऊन देणारे पालक आहेत. ॲपमध्ये गुण वाढतात ते ॲपमध्येच, मैदानावर त्याचा फायदा होतो असं ठामपणे सांगता येत नाही. उलट ब्राझीलमध्ये झालेल्या एका अभ्यासात खेळाआधी तीस मिनिटं किंवा जास्त वेळ फोनवर सोशल मीडिया बघणाऱ्या फुटबॉलपटूंचे पासचे निर्णय बिघडलेले आढळले. आमच्याकडे आता सामन्याच्या दिवशी सगळे फोन माझ्या पिशवीत असतात.

तो सेंटर बॅक अजून माझ्याकडेच आहे. परवाच्या सामन्यात तसाच प्रसंग आला, मधल्याच्या पाठीवर माणूस, डावीकडे मोकळं. त्याने चेंडूवर पाय ठेवला आणि थांबला. माझं तोंड उघडलेलं होतं, कसंबसं मिटलं. समोरचा अंगावर यायला लागल्यावर त्याने शांतपणे डावीकडे सोडला. लेफ्ट बॅकच्या पायाखालून चेंडू रेषेबाहेर गेला, थ्रो त्यांना. गॅलरीतून कोणीतरी सेंटर बॅकलाच शिवी घातली. मी लेफ्ट बॅकचं नाव तिसऱ्या रकान्यात लिहिलं आणि सेंटर बॅकच्या नावापुढे टिक केली.