मृगाच्या पावसात झाड उपटा, पण ट्रेमध्ये बसवू नका

मृगाचा पाऊस झाला की बोन्सायवाल्यांचे हात शिवशिवायला लागतात. जमिनीत वाढवलेला वड, पिंपळ, उंबर, फायकस उपटायला हीच वेळ चांगली, त्यात वाद नाही. हवा दमट असते, कापलेली मुळी लवकर फुटते. पण उपटणी आणि ट्रे, म्हणजे बोन्सायच्या उथळ कुंडीत बसवणे, ही दोन्ही कामे एका दिवसात उरकलेली झाडे दरवर्षी ऑक्टोबरच्या उन्हात वाळताना दिसतात, म्हणून यंदा आधीच सांगतो.

होते असे. झाड उपटले, मुळ्या छाटल्या, शेंडा कापला, तार गुंडाळली, ट्रेत बसवले. दोन-तीन आठवड्यांत खोडावर तांबूस कोंब दिसतात आणि मालक म्हणतो, झाड लागले. लागलेले नसते. जाड खोडात साठलेल्या अन्नावर पहिला फुटवा येतो. खाली पांढरी मुळी असेलच असे नाही. पावसाळाभर ते हवेतल्या ओलीवर तग धरते. पाऊस परतला, ऊन तापले की दोन इंच मातीतले ते झाड चार दिवसांत मान टाकते. मग दुकानदार ह्युमिक नावाचे मुळीवाढीचे औषध, मुळ्यांचे टॉनिक, परदेशी बोन्साय माती गळ्यात मारतो. मुळीच नाही तिथे टॉनिक घेणार कोण?

उपटलेले झाड आधी खोल कुंडीत किंवा ग्रो बॅगेत लावा आणि थांबा. पहिला फुटवा हिशेबात धरू नका. त्याची पाने जून होऊन वर दुसरा फुटवा आला पाहिजे. मग कुंडीच्या कडेची माती बोटाने हलकेच उकरा. टोकाला पांढरी, टणक मुळी दिसली आणि तळाच्या भोकातूनही डोकावली, तर झाडाने जीव धरला. तपकिरी, चिमटीत साल सुटणारी मुळी म्हणजे कूज. खोड हलवून बघायची सवय सोडा, नवी मुळी त्यानेच तुटते. माझा आडाखा असा की या जूनमध्ये उपटलेले झाड पुढच्या पावसाळ्याआधी ट्रेच्या लायकीचे होत नाही. उंबराला आणखी एक हंगाम द्यावा. ही काही विद्यापीठाची शिफारस नाही, झाडे बघून बसलेला अंदाज आहे.

मुळात उपटायची वेळ तरी झाली आहे का? खोड जाड होते ते जमिनीत, ट्रेमध्ये ती वाढ जवळपास थांबते. झाडाची उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट शोभते. ३६ सेंमीचे झाड हवे तर बुंधा ६ सेंमी, म्हणजे सुतळी गुंडाळली तर घेर १९ सेंमीच्या आसपास. कमी भरला तर यंदा हात लावू नका. खालची एक फांदी मोकळी वाढू द्या, ती बुंधा जाड करते, नंतर काढता येते. मोठे कापही जमिनीतच घ्या. तिथे जखम लवकर भरते.

उपटणीनंतरची कामे:
- कुंडीत भरायला विटांचा चुरा ३ ते ६ मिमी चाळून २ भाग, कुजलेले शेणखत १ भाग. भुकटी आणि काळी माती नको.
- झाड कुंडीला सुतळीने घट्ट बांधा.
- तीन आठवडे सावली. पाणी वाफसा बघून, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसेल अशा बेताने.
- कूज दिसल्यास कॉपर ऑक्झिक्लोराइड हे बुरशीनाशक २.५ ग्रॅम प्रति लिटर, मुळाशी ओतून आळवणी.
- १९:१९:१९ हे विद्राव्य खत दुसऱ्या फुटव्यानंतरच, १ ग्रॅम प्रति लिटर, पंधरवड्याने.
- फायकसची पाने घडी पडून मिटली तर आत फुलकिडे. पाने तोडून नष्ट करा, ५ टक्के निंबोळी अर्क फवारा.

अडेनियम मात्र पावसात उपटूच नका, फुगलेला बुंधा सडतो. त्याचे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये. बोगनवेलीची मुळी ठिसूळ, मातीचा गड्डा फोडू नका.

नर्सरीवाल्यांनी दिवाळीच्या भेटींच्या ऑर्डरी घेतल्या असतील तर ट्रेत मुरलेली जुनी झाडे द्या. यंदाच्या उपटणीतले एकही देऊ नका, गिऱ्हाईक कितीही मागे लागले तरी.