छापील पानांवरून घरची बालवाडी: आधी हात, मग कागद

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी इंटरनेटवर पीडीएफमध्ये अख्ख्या वर्षाचे अभ्यासक्रम मिळतात. काही फुकट असतात, काही विकत. हाती आल्यावर सगळं एकदम छापून घ्यावंसं वाटतं, पण एका आठवड्यापुरतीच पानं छापा. पुढच्या आठवड्यात काय लागणार, हे या आठवड्यात मुलाकडे बघूनच कळतं.

कायद्याची धास्ती नको. शिक्षण हक्क कायदा (२००९) ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पहिली सहाव्या वर्षानंतर येते. तोवरची वर्षं खेळण्याची आहेत. छापील पानाने त्या खेळाला हातभार लावावा, खेळाची जागा घेऊ नये.

निवड आणि छपाई

आधी पूर्ण नियोजन स्वतः वाचा आणि जे आपल्याकडे दिसत नाही ते बिनधास्त गाळा. बर्फाचा आठवडा आला तर जुलैत त्याजागी पाऊस घ्या. अमेरिकी आराखड्यात ऑक्टोबरला येणारी पानगळ आपल्याकडे माघ-फाल्गुनात काढा. त्या सुमारास देशी बदामाची लाल पानं अंगणात, सोसायटीत पडलेली असतात. ती वेचायची, लहान-मोठी लावायची, मग चित्राकडे वळायचं.

परदेशी पानं बहुधा ‘लेटर’ मापाची असतात, म्हणजे २१६ × २७९ मिलिमीटर. आपला ए-फोर कागद २१० × २९७ चा. म्हणून छापताना ‘फिट टू पेज’ निवडा, झेरॉक्सवाल्यालाही तसं सांगा, नाहीतर कडेची चित्रं कापली जातात. साध्या पानांना ७५ जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) कागद पुरतो. रंगवायची पानं काळी-पांढरीच घ्या. जोड्या लावायची कार्डं टिकाऊ हवीत, ती जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवली की काम भागतं. गिरवायचं पान पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवा आणि वर व्हाइटबोर्डच्या पेनाने लिहू द्या. फडक्याने पुसलं की तेच पान पुन्हा वापरता येतं.

एक दिवस असा

समजा, आजचं पान ‘पाच’ या आकड्याचं आहे. पान लगेच काढू नका. मटार सोलायला बसा. एका शेंगेत किती दाणे निघाले? दुसरीत? प्रत्येक दाण्यावर बोट ठेवून मोजायचं, एक दाणा एक आकडा. चार वर्षांची पुष्कळ मुलं तोंडाने वीसपर्यंत म्हणतात आणि बोट मात्र दोन दाणे पुढे पळतं, तेव्हा बोट आणि तोंड जुळेपर्यंत हाच खेळ चालू द्या. मग पाच वाट्या मांडा, प्रत्येकीत एक चमचा ठेवायला सांगा. त्यानंतर ताटात रवा पसरून बोटाने ५ काढायचा. पूर्वी शाळेत धूळपाटी असे, ही तीच रीत. आता पान द्या. ते दहा-पंधरा मिनिटांत संपलं तर उत्तम, अर्ध्यावर कंटाळा आला तर तिथेच उचलून ठेवा.

रंगकामाला भेंडीचं देठाकडचं टोक कापून ठसे उमटवू द्या. पाच फुलं झाली की मोजणीही झाली. खडू लांब देऊ नका, त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून द्या. असा तुकडा चिमटीतच धरावा लागतो आणि पुढे पेन्सिल धरायची तयारी आपोआप होते.

पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी आणि कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आसपास मिळणाऱ्या बिया, शिंपले, दगड, पानं हेच शिकवण्याचं साहित्य केलं. महागडी किट घ्यायच्या आधी त्या कामाची आठवण ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

अक्षरं मराठीच्या वळणाने

इंग्रजी पानांवरचा अक्षरांचा क्रम मराठीला लावू नका. अ-आ-इपासूनच सुरुवात केली पाहिजे असंही नाही. ग, म, भ, न यांची वळणं मिळतीजुळती आहेत आणि तेवढ्यावर काना-मात्रेशिवाय शब्द तयार होतात: मन, मग, नभ, गगन, नमन. चार अक्षरांत मूल वाचायला लागतं आणि त्याचा चेहरा खुलतो. ही पानं विकत घ्यायला नकोत. संगणकावर मोठ्या टाइपात चार अक्षरं टाका आणि छापा. घरात मराठी बोलली जात असेल तर आधी मराठी पक्की होऊ द्या. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या (३ ते ८ वर्षं) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचाही भर घरच्या भाषेवरच आहे. परदेशात वाढणाऱ्या मुलांसाठी तर ही चार पानं आजी-आजोबांसोबत व्हिडिओ कॉलवर करण्यासारखी आहेत.

नोंद

प्रत्येक पानाच्या मागे तारीख आणि एक ओळ लिहा: ‘कात्री स्वतः धरली’, ‘सातनंतर अडखळली’. लाल पेनाने बरोबर-चूक करू नका, गुण तर नकोतच. मुलाने नाकारलेलं पान वेगळ्या पाकिटात ठेवा आणि महिन्याभराने पुन्हा समोर धरा. तेव्हाही नको म्हणालं तर तीच गोष्ट वस्तू घेऊन करा आणि ते पान पाठकोऱ्या कागदांत टाका, चित्रं काढायला उपयोगी पडेल.