किती भाग पाहिलेत?

मालिकांवर लिहायचंय म्हणून कुणी भेटायला आलं की मी आधी माझं एक जुनं कात्रण काढतो. एका हिंदी गुन्हेमालिकेवरचं माझं पहिलंच परीक्षण. साडेचारशे शब्द, दोन तारे. 'संथ', 'पात्रांची गर्दी', 'पकड घेत नाही', सगळं त्यात आहे. मी आठपैकी दोन भाग पाहिले होते. उरलेले सहा पुढच्या शनिवार-रविवारी पाहिले आणि रविवारी रात्री दीडच्या सुमाराला कळलं, की ज्यांना मी गर्दी म्हटलं त्याच माणसांवर सगळी गोष्ट उभी आहे. तोवर लेख छापून रद्दीत गेला होता. मालिकेचं नाव सांगत नाही. तिच्यावर एकदा अन्याय केला तेवढा पुरे.

या कामाचं रीतसर शिक्षण मला नव्हतं. पुण्यात चित्रपट रसास्वादाचं एक शिबिर केलं होतं आणि त्याचा उपयोगही झाला. पण तिथे शिकलेलं सगळं सिनेमासाठी होतं. सिनेमा दोन-अडीच तासांत संपतो, मग आपण लिहायला बसतो. मालिकेचं तसं नाही. ती चालू असतानाच लिहायचं असतं, कधीकधी ती सुरू होण्याच्याही आधी. म्हणजे अर्धी इमारत बघून वास्तूवर बोलायचं. हे कसं करायचं ते मला शिकवलं 'द वायर' या अमेरिकी गुन्हेमालिकेने. खरं तर मालिकेने कमी आणि तिच्यावर सहा वर्षं जे लिहिलं गेलं त्याने जास्त. मित्राच्या हार्ड डिस्कवरून ती पाहिली आणि मग जुनी परीक्षणं शोधून तारीखवार लावून वाचली. नवीन माणसाला मी हाच उद्योग सांगतो. एक मालिका घ्या आणि तिच्याबद्दलची मतं कशी सरकत गेली ते पाहा.

'द वायर' 2 जून 2002 रोजी एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर सुरू झाली आणि 9 मार्च 2008 रोजी संपली. पाच पर्वं, साठ भाग. गाव बाल्टिमोर. लिहिणारा डेव्हिड सायमन हा तिथल्याच 'बाल्टिमोर सन'चा जुना गुन्हेवार्ताहर. त्याचा जोडीदार एड बर्न्स आधी त्या शहराचा डिटेक्टिव्ह होता, नंतर शाळामास्तर. पहिल्या पर्वात एक पोलीस पथक अमली पदार्थांच्या टोळीचे फोन ऐकतं, एवढीच गोष्ट, आणि तीही तेरा भागांत. पहिल्या भागात कोण कोणाचा साहेब तेसुद्धा धड कळत नाही आणि सायमन कळू द्यायची घाईही करत नाही. त्या वेळची परीक्षणं वाईट नव्हती, पण जरा हात राखून होती. समीक्षकांच्या मतांची शंभरपैकी सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर पहिल्या पर्वाचे गुण 79 आहेत, चौथ्याचे 98. लोक हे आकडे पाहून मालिका सुधारत गेली म्हणतात. सुधारली असेलही. पण माझ्या मते समीक्षकही तेवढेच सुधारले. ती कशी पाहायची हे त्यांना कळायला दोन-तीन वर्षं गेली.

दुसऱ्या पर्वात सायमनने सगळा डाव उधळला. पहिल्या पर्वातली कृष्णवर्णीय टोळी बाजूला सारून तो बंदरावरच्या गोऱ्या गोदी कामगारांकडे वळला. आपली आवडती माणसं कुठे गेली म्हणून बरेच प्रेक्षक नाराज झाले. मग तिसऱ्यात महापालिकेचं राजकारण, चौथ्यात सरकारी शाळा, पाचव्यात वर्तमानपत्र. चौथ्या पर्वाच्या वेळी एचबीओने शहाणपणा केला आणि सगळेच्या सगळे तेरा भाग समीक्षकांना आधीच पाठवून दिले. आठवीतली चार मुलं पहिल्या भागात जिथे असतात आणि तेराव्यात जिथे जाऊन पोचतात, ते अंतर एका बैठकीत पाहिलेल्या माणसाने तारे मोजत बसावं कसं? 2006 सालच्या सप्टेंबरातली परीक्षणं म्हणूनच वेगळ्या सुरात आहेत. 'स्लेट' या ऑनलाइन मासिकात जेकब वाइसबर्गने अमेरिकेत आजवर दाखवलेली ही सर्वोत्तम मालिका आहे असं लिहून टाकलं ते तेव्हाच. पुरस्कारांचं म्हणाल तर 2003 सालासाठीचा पीबॉडी हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार तिला मिळाला होता, पण एमी या तिथल्या टीव्हीच्या सर्वांत मोठ्या पुरस्कारांत सहा वर्षांत लेखनाची फक्त दोन नामांकनं, आणि हाती शून्य. मग 2021 साली बीबीसीने जगभरच्या दोनशेहून अधिक जाणकारांना एकविसाव्या शतकातली सर्वोत्तम मालिका विचारली, तेव्हा पहिला क्रमांक हिचाच.

म्हणून परीक्षण वाचताना तारीख पाहा आणि लिहिणाऱ्याने किती भाग पाहिले होते ते शोधा. चांगला समीक्षक ते सांगतो. जो सांगत नाही, त्याने दोनच पाहिलेत असं मी धरून चालतो. स्वानुभवावरून.

सरावासाठी मी एक वही घालतो. नवीन मालिका लागली की पहिल्या भागानंतर दहा ओळी, मधल्या एखाद्या भागानंतर दहा आणि शेवटानंतर दहा. आधीच्या ओळी खोडायच्या नाहीत. चार-पाच मालिका झाल्या की आपण कुठे हमखास चुकतो ते दिसायला लागतं. मी संथपणाला चुकतो. शिवाय ज्या नटाला मी ओळखतो त्याच्याकडेच पाहत राहतो आणि अनोळखी चेहऱ्याला दुय्यम समजतो. पहिल्या भागात कोपऱ्यात उभा असलेला अनोळखी माणूस हा माझा कायमचा घात आहे.

आता शब्दांबद्दल. गुन्हेमालिकांवरच्या मराठी परीक्षणांत तीन शब्द ठाण मांडून बसलेले असतात: 'सुन्न करणारी', 'अंगावर येणारी', 'विदारक'. पहिल्या वर्षातले माझे लेख एकदा मीच तपासले, तर 'सुन्न' अकरा वेळा सापडला. इतका सुन्न झालेला माणूस कामावर कसा जात होता कोण जाणे. 'द वायर'च्या बाबतीत इंग्रजी समीक्षकांचा लाडका शब्द होता 'डिकन्ससारखी', म्हणजे गरिबांच्या हालांवर लिहिणाऱ्या चार्ल्स डिकन्स या इंग्रज कादंबरीकारासारखी. इतका वापरला, की पाचव्या पर्वात सायमनने त्यांची जाहीर टिंगलच केली. मालिकेतल्या वर्तमानपत्राचा मोठा संपादक शाळकरी मुलांवरच्या लेखमालेत तोच 'डिकन्सी' पैलू मागत बसतो, आणि एका भागाचं नावही त्यावरूनच आहे. विशेषणाची अशी वरात मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

मग लिहायचं काय? प्रसंग लिहायचा. पहिल्या पर्वाच्या चौथ्या भागात मॅकनल्टी आणि बंक हे दोघे डिटेक्टिव्ह एका जुन्या खुनाची जागा तपासतात. काही मिनिटांचा प्रसंग, आणि दोघं मिळून एकच इंग्रजी शिवी वेगवेगळ्या सुरांत म्हणत राहतात. बाकी शब्द नाही. गोळी कुठून आली, बाई कुठे उभी होती, सगळं त्या शिवीच्या चढउतारातून आपल्याला कळतं. आता हे कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या पुरवणीत लिहून दाखवा. शिवी छापता येत नाही, आणि तिच्याशिवाय प्रसंग उरत नाही. मी हा प्रसंग नव्या मुलांना दोनशे शब्दांत लिहायला देतो. बहुतेक जण 'वास्तववादी संवाद' म्हणून सुटका करून घेतात.

'वास्तववादी' या शब्दाने मलाही एकदा तोंडघशी पाडलं. 'द वायर'वरच्या माझ्या पहिल्या टिपणात 'बाल्टिमोरचं जळजळीत वास्तव' असं वाक्य होतं. ते मामाला वाचून दाखवलं. मामा महाराष्ट्र पोलिसांतून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेला. त्याने विचारलं, "तू कधी गेलास रे बाल्टिमोरला?"

मग त्याला घेऊन मालिका पुन्हा पाहायला बसलो. इंग्रजी त्याला फारसं कळत नाही. मी थांबवून थांबवून सांगायचो. खून, मारामाऱ्या, टोळीतल्या गमती यांत त्याला काडीचा रस नव्हता. तो ताठ बसला ते फोन ऐकण्याच्या परवानगीचे कागद निघाले तेव्हा. इतर मार्ग थकले हे आधी न्यायाधीशापुढे मांडायचं, आणि कामाचं बोलणं नसेल तर ऐकणं थांबवायचं, हे पाहून म्हणाला, "हे लिहिणाऱ्याने फाईल हाताळलेली आहे." पेजरवरच्या आकड्यांचं कोडं सुटतं तेव्हाही तो खूश झाला: टोळीतली पोरं फोनच्या कळांवर मधल्या पाचाला ओलांडून समोरचा आकडा दाबतात, म्हणजे एकाच्या जागी नऊ, दोनाच्या जागी आठ. तिसऱ्या पर्वात वरिष्ठ अधिकारी पडद्यावर आकडे लावून एकेका ठाण्याच्या प्रमुखाला सगळ्यांसमोर सोलून काढतात. त्यावर मामा एवढा हसला की मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अगं, ही आमची क्राइम मीटिंग!" आकडा खाली आणा, कसा आणता ते विचारत नाही, हा सगळा खेळ त्याला पाठ होता. गंभीर गुन्ह्याला किरकोळ कलम लावून आकडा बसवणारे अधिकारी त्याने पाहिले होते. मालिकेत ते बाल्टिमोरचे होते, एवढंच.

समीक्षकांनी या मालिकेला ग्रीक शोकांतिका म्हटलं, सायमन स्वतःही तसं बोलत आला आहे. देवांच्या जागी संस्था, आणि त्यांच्यापुढे माणूस हतबल. बरोबरच आहे. पण मला विचाराल तर मामाची 'क्राइम मीटिंग' त्याहून नेमकी. माझ्या लेखात मग मी बाल्टिमोरचं वास्तव खोडलं आणि त्या बैठकीचा प्रसंग लिहिला. जे मी ताडून पाहू शकत होतो तेवढंच. खुद्द बाल्टिमोरमध्ये तर सगळे खूश नव्हतेच. 2011 साली तिथल्या तेव्हाच्या पोलीस आयुक्तांनी, फ्रेडरिक बीलफेल्ड यांनी, ही मालिका म्हणजे शहराच्या नावाला फासलेलं काळं आहे अशा अर्थाचं विधान जाहीरपणे केलं होतं. पुण्यात बसून कौतुक करणाऱ्याला ते ठाऊक असायला हवं.

पाचवं पर्व या अभ्यासात सर्वांत मजेचं. इथे मालिका वर्तमानपत्राच्या कचेरीत शिरते. 'बाल्टिमोर सन' खऱ्या नावानिशी आहे, खोट्या बातम्या रचणारा वार्ताहर आहे आणि त्याला पाठीशी घालणारे संपादक आहेत. आतापर्यंत पोलीस, गोदी, शाळा यांचं चित्रण अस्सल म्हणून वाखाणणारे पत्रकार अचानक म्हणायला लागले, की हे एकांगी आहे, असं काही नसतं! स्वतःच्या धंद्यावर आल्यावर सगळ्यांना तपशील तपासावेसे वाटले. त्यांचं सगळंच चुकीचं नव्हतं. ते संपादक खरोखर सपाट आहेत, आणि बनावट सीरियल किलरचं कथानक मलाही ताणलेलं वाटलं. पण मग आधीच्या चार पर्वांत पोलिसांना आणि मास्तरांना काय वाटलं असेल? मार्क बोडेनने 'अटलांटिक' मासिकात सायमनवर लिहिताना एक गोष्ट मात्र नीट केली. सायमनचा राग ज्या जुन्या संपादकांवर होता, त्यांच्याच हाताखाली आपण पूर्वी दुसऱ्या वर्तमानपत्रात काम केलंय हे त्याने लेखातच सांगून टाकलं.

ही गोष्ट मी फार उशिरा शिकलो. 15 मे 2020 रोजी, टाळेबंदीत, 'पाताल लोक'चे नऊ भाग एकदम आले. दोन दिग्दर्शकांपैकी एक अविनाश अरुण, 'किल्ला' हा मराठी चित्रपट करणारा. आपला माणूस! मी साडेतीन तारे देणार होतो, चार दिले. मालिका चांगलीच आहे, जयदीप अहलावतचा हाथीराम चौधरी तर अजून डोळ्यांसमोर आहे. पण तो वरचा अर्धा तारा 'किल्ला'चा होता, आणि मी ते कुठे लिहिलं नाही.

आता कामाचं थोडं रोकडं. आधी पाहायला मिळणाऱ्या भागांना स्क्रीनर म्हणतात. लिंक येते आणि पडद्यावर आडवं आपलंच नाव छापलेलं असतं, म्हणजे अंधाऱ्या दृश्यात खुनी दिसत नाही, आपलं आडनाव दिसतं. सोबत एम्बार्गो असतो, त्या वेळेआधी एक ओळही बाहेर जाता कामा नये. तो पाळा, नाहीतर पुढची लिंक येत नाही. काय फोडायचं नाही याची यादी येते. ती बहुधा रास्त असते, पण कधीकधी मालिकेतली सगळ्यात कच्ची जागाच त्या यादीत घालून ठेवलेली असते. पाहताना मिनिट-सेकंदासकट नोंदी करा, नंतर शोधत बसायला वेळ नसतो. मानधनावर घर चालत नाही. सुरुवातीला माझं एका लेखात महिन्याचं इंटरनेटचं बिल निघायचं. नोकरी सोडू नका.

आणि वर्तमानपत्राच्या डेस्कवरची, म्हणजे आलेला मजकूर पानात बसवणारी मंडळी. मजकूर जास्त झाला की ते खालून कापतात. 'हे परीक्षण पहिल्या पाच भागांवर आधारित आहे' असं मी शेवटी लिहायचो, ते दर वेळी उडायचं. वर, पहिली ओळ म्हणून टाकलं तर मथळ्याखाली बरं दिसत नाही म्हणून उडायचं. हल्ली मी ते दुसऱ्या परिच्छेदात, एखाद्या प्रसंगाच्या वाक्यातच विणून टाकतो: 'पाचव्या भागाच्या शेवटी, म्हणजे मला दाखवलं तिथवर, ती अजून जिवंत आहे.' ते कापायला गेलं तर वाक्यच मोडतं. गेल्या वर्षभरात एकदाच कापलं गेलं.