एकाच डेटा डिरेक्टरीवर दोन पोस्टग्रेस सर्व्हर: माझा अनुभव

पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीचा मुख्य सर्व्हर बंद पडल्यास दुसरा लगेच कामाला यावा, म्हणून मी दोन्ही मशीनना एकच डिस्क जोडली होती; डेटा डिरेक्टरी, म्हणजे सगळा डेटा असलेला फोल्डर, तिच्यावरच होता. एका रात्री मुख्य मशीनचे नेटवर्क तुटले, डिस्कची जोडणी मात्र शाबूत होती. ते मशीन बंद पडले असे समजून मी दुसऱ्यावर पोस्टग्रेस सुरू केले. सर्व्हर चालू असल्याची खूण म्हणून त्या फोल्डरमध्ये असणारी ‘पोस्टमास्टर डॉट पीआयडी’ ही फाइल त्याला अडवेल, हा माझा भ्रम होता. तिच्यातला प्रोसेस क्रमांक (चालू प्रोग्रॅमचा क्रमांक) स्थानिक मशीनवरच तपासला जातो, त्यामुळे ती मागे उरलेली जुनी फाइल ठरली.

दोन्ही सर्व्हर डेटाची ८ केबीची पाने (तुकडे) आपापल्या मेमरीत धरून एकमेकांचे लेखन पुसू लागले. प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची न दुहेरावणारी ओळख) असलेल्या टेबलात एकच क्रमांक दोनदा दिसला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

दोन्ही थांबवून मी प्रथम संपूर्ण डिरेक्टरीची जशीच्या तशी प्रत घेतली. वॉल (डेटातील प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो ती नोंद) रीसेट करण्याचा मोह टाळला, कारण त्याने सर्व्हर सुरू होतो, डेटा सुधारत नाही. मग बॅकअप आणि साठवलेल्या वॉल फाइलींवरून दुसरा सर्व्हर सुरू होण्याआधीच्या क्षणापर्यंत डेटाबेस परत आणला. नंतरच्या नोंदी ॲप्लिकेशनच्या लॉगवरून हाताने भरल्या.

आता प्रत्येकाची डिस्क स्वतंत्र असून स्ट्रीमिंग रेप्लिकेशन (मुख्य सर्व्हरवरचे बदल दुसऱ्याकडे सतत पाठवणे) चालते, आणि दुसऱ्याला मुख्य करण्यापूर्वी पहिल्याची वीज तोडली जाते.