बाहेरून आणलेली टेक्स्टबुकं अमेरिकेत विकायची असतील तर

भारतातून येताना बॅगेत कोंबून आणलेली टेक्स्टबुकं सेमिस्टर संपल्यावर विकायला काढली की मागच्या कव्हरवरची ती ओळ दिसते, विक्री फक्त भारत, नेपाळ, बांगलादेश वगैरे देशांत, आणि भलेभले तिथेच घाबरतात. घाबरू नका. पुस्तक अस्सल आणि तुमचं स्वतःचं असेल तर अमेरिकेतला कॉपीराइट कायदा तुम्हाला ते विकू देतो.

२०१३ साली हे पक्कं झालं. सुपाप किर्तसांग नावाचा थाई विद्यार्थी, घरचे त्याला थायलंडमधून स्वस्त आवृत्त्या घेऊन पाठवायचे आणि तो त्या ईबेवर विकायचा, मग वायली प्रकाशनाने केस टाकली आणि ज्युरीने ८ पुस्तकांचे प्रत्येकी ७५ हजार, म्हणजे ६ लाख डॉलर भरायला लावले. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते फिरवलं. कायदेशीर छापलेली प्रत एकदा विकली गेली की पुढे ती कोणी कोणाला विकावी यावर प्रकाशकाचा हक्क उरत नाही, मग छपाई कुठल्याही देशात होवो. याला फर्स्ट सेल म्हणतात. मला हा निकाल मनापासून पटतो, नाहीतर परदेशात छापलेलं प्रत्येक जुनं पुस्तक विकताना परवानगी मागत बसावं लागलं असतं.

आता तुमची प्रत नीट बघा. फिकट छपाई, तिरकी कापलेली पानं, पुसट चित्रं असली तर पायरेटेड असण्याची शक्यता मोठी, ती विकूच नका, तिला हा नियम लागूच होत नाही. भाड्याने घेतलेलं पुस्तकही नाही, ते तुमचं नाहीच. ईबुकचं तर बहुतेक वेळा फक्त लायसन्स मिळतं.

जाहिरात टाकताना सगळ्यात जास्त काळजी घ्या. अमेरिकन आवृत्तीचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, टाकू नका, तुमच्या प्रतीवर जो छापलाय तोच टाका, इंटरनॅशनल एडिशन असं सरळ लिहा आणि मागच्या कव्हरचा फोटो ती ओळ दिसेल असा लावा, कारण कधीकधी धड्याखालच्या गणितांचे नंबर वेगळे असतात आणि घेणाऱ्या पोराचा होमवर्क चुकतो. काही साइट्स अशा आवृत्त्या घेत नाहीत, तो त्यांचा स्वतःचा नियम, कायदा नव्हे, पण पाळावा लागतोच.

आणि भारतात बसून या स्वस्त आवृत्त्या घाऊक बाहेर पाठवायचा विचार असेल तर आधी वकिलाला विचारा, २०१० साली दिल्ली हायकोर्टाने असा एक्स्पोर्ट थांबवला होता, तिथे अमेरिकेतला निकाल कामाला येणार नाही.