पहिली वेलांटी नंतर : पन्नाशीच्या उंबरठ्यावर स्वतःला आणि धंद्याला वळवताना

एकोणीस वर्षं मी डीटीपीचं काम केलं. माणसं हाताने लिहिलेले कागद आणून द्यायची, मी ते टाइप करायचे, पानं लावायचे, प्रूफं काढून द्यायचे. मराठी टायपिंग टाइपरायटरच्या वळणाच्या रेमिंग्टन कीबोर्डवर, जुन्या फॉन्टमध्ये. मिनिटाला चाळीस शब्द, नजर कागदावर, बोटं आपोआप. शेहेचाळिसाव्या वर्षी हे सगळं बाजूला ठेवून टायपिंग पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं, आणि त्यामागोमाग धंदाही. त्यात काय जमलं आणि काय फसलं ते सांगते. तुमचं काम वेगळं असेल, पण सवय कुणाचीही असो, चिवटच असते.

आधी वही काढा

"आता बदलायला हवं" असं मी तीन वर्षं म्हणत होते. म्हटलं की बरं वाटतं, आणि तिथेच घोळ होतो. म्हणून झालं की काम झाल्यासारखं वाटतं. एका रात्री मात्र मागच्या तीन वर्षांच्या ऑर्डरवह्या काढल्या आणि लाल पेन्सिल घेऊन बसले. आधी यायचं पण वर्षभरात फिरकलं नाही, अशा प्रत्येक नावापुढे फुली. ४१ नेहमीची गिऱ्हाइकं होती, १७ फुल्या पडल्या. खरा धक्का मात्र वेगळाच होता. पानांच्या कडेला माझ्याच अक्षरात ठिकठिकाणी "यु. नाही" असं लिहिलेलं होतं. म्हणजे गिऱ्हाइकाने युनिकोडमध्ये, कुठल्याही संगणकावर आणि मोबाइलवर वाचता येईल अशा पद्धतीत, फाइल मागितली आणि मी "आमच्याकडे होत नाही" म्हणून परत पाठवलं. एकदा नाही, ३० वेळा. ३० वेळा मी स्वतः लिहून ठेवलं आणि एकदाही वाचलं नाही.

तुम्हीही हेच करा. मनाला विचारत बसू नका, मन वकिली करतं. वही, बँकेचं पासबुक, मोबाइलमधलं कॅलेंडर, जे असेल ते समोर घ्या आणि तीनच गोष्टींवर खुणा करा : काय कमी झालं, कशाला आपण नाही म्हटलं, आणि काय दोनपेक्षा जास्त वेळा पुढे ढकललं. नोकरी असो, तब्येत असो, नातं असो, खुणा याच.

खुणा झाल्या की दोन रकाने आखा. बदललं तर काय जाईल, आणि नाही बदललं तर काय जाईल. पहिला रकाना झरझर भरतो, दुसरा भरताना पेन अडतं. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं ते हेच : मिळण्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावण्याचं दुःख माणसाला जास्त टोचतं. हातातलं जाईल ही भीती डोळ्यांसमोर असते. जागच्या जागी राहून जे हळूहळू झिरपून जातं ते दिसत नाही. म्हणून दुसरा रकाना मुद्दाम जास्त वेळ घेऊन भरा. मला दोन दिवस लागले.

दाराबाहेर जाऊन परत या

इंटेल कंपनी १९६८ मध्ये सुरू झाली ती मेमरी चिप बनवायला. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांनी त्या धंद्यात तिला घेरलं. १९८५ मध्ये कंपनी चालवणारे अँडी ग्रोव्ह आणि गॉर्डन मूर एकदा असेच हताश बसले होते. ग्रोव्हने विचारलं, आपल्याला काढून टाकून नवा माणूस आणला तर तो काय करेल? मूरने उत्तर दिलं, तो मेमरीतून बाहेर पडेल. मग ग्रोव्ह म्हणाला, आपणच दाराबाहेर जाऊन परत येऊ आणि ते करू. कंपनी मायक्रोप्रोसेसरकडे वळली.

मी हे खरोखरच केलं, जरा वेड्यासारखं. चपला घातल्या, बाहेर गेले, दहा मिनिटांनी आत आले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. आजच ही जागा विकत घेतली आहे, एकोणीस वर्षांशी आपलं काही देणंघेणं नाही, असं समजून टेबलाकडे पाहिलं. नव्या मालकिणीने मिनिटभरात सांगितलं : युनिकोड शिका, आणि तो कोपऱ्यातला बंद प्रिंटर काढा. प्रिंटर त्याच दिवशी गेला. तो दोन वर्षं नुसता जागा अडवून होता. "किती हौसेने घेतला होता" एवढंच त्याचं भांडवल. गेलेला पैसा परत येत नाही हे सगळ्यांना कळतं, तरी त्याच्याच आठवणीने आपण आणखी पैसा आणि जागा घालत राहतो.

इतकं करूनही काहींचं पाऊल अडतं. त्यांच्यासाठी एक गंमत. स्टीव्हन लेविट या अर्थशास्त्रज्ञाने मोठ्या निर्णयावर अडून बसलेल्या लोकांना नाणेफेक करायला लावली. २०,००० हून जास्त नाणेफेकी झाल्या, निकाल २०१६ मध्ये आले. नोकरी सोडावी का, नातं तोडावं का अशा मोठ्या प्रश्नांत ज्यांनी बदल केला, ते सहा महिन्यांनी न बदललेल्यांपेक्षा जास्त समाधानी निघाले. नाण्यावर आयुष्य सोपवा असं मी म्हणत नाही. पण महिनोन्‌महिने पारडं समसमानच दिसत असेल, तर बदलाच्या बाजूला थोडं झुकायला हरकत नाही. अर्थात सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत जुनी कमाई सोडू नका. धाडसाच्या गोष्टी सांगणारे हे वाक्य गाळतात.

एकच गोष्ट, ठरलेल्या जागी

वेळापत्रक, व्यायाम, नवा धंदा, इंग्रजी, सगळं एकदम सुरू करणाऱ्यांचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी फक्त कीबोर्ड बदलायचं ठरवलं. रेमिंग्टनवरून इनस्क्रिप्टवर, म्हणजे युनिकोडमध्ये मराठी लिहायच्या कीबोर्डवर.

बाहेरून हे किरकोळ वाटतं. आतून काय होतं ते दाखवते. टाइपरायटरच्या वळणाच्या कीबोर्डवर "कि" लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. इनस्क्रिप्टमध्ये आधी क, मग वेलांटी. जसं बोलतो तसं. रफारचं याच्या बरोबर उलट. "अर्क" लिहिताना माझी बोटं आधी क उमटवून मग त्याच्या डोक्यावर रफार ठेवायची. आता आधी र, त्याचा पाय मोडायचा, मग क. डोळ्याला दिसतं ते विसरून कानाला ऐकू येतं ते लिहायचं. एकोणीस वर्षं डोळ्याने लिहिलं होतं. पहिल्या दिवशी "किती" हा दोन अक्षरांचा शब्द मी सहा वेळा चुकले. मिनिटाला नऊ शब्द. लेक मागे उभी होती, म्हणाली, "आई, तू अशी टाइप करतेस की कुणीतरी तुझे हात धरलेत." धरलेच होते, माझ्याच जुन्या हातांनी.

अशा वेळी "रोज सराव करीन" हा संकल्प टिकत नाही. टिकतं ते "अमुक झालं की तमुक" असं बांधलेलं. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलं आहे. २००६ मध्ये ९४ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा अशा जर-तर ठरावाने काम तडीला जाण्याची शक्यता चांगलीच वाढते असं दिसलं. माझा ठराव होता : सकाळचा चहा संपला, कप धुवून ठेवला, की वीस मिनिटं इनस्क्रिप्ट. कप खूण झाला. दुसरा ठराव अडचणीसाठी : वीज गेली तर कागदावर कीबोर्ड काढून त्यावर बोटं फिरवायची. तो ठराव चार वेळा कामी आला.

किती दिवस लागतात? एकवीस म्हणतात ते सोडून द्या. १९६० मध्ये एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला माणसाला किमान एकवीस दिवस लागतात. त्यातलं "किमान" गळालं आणि आकडा तेवढा फिरत राहिला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे एकेक नवी सवय लावायला सांगितली. अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस, पण पल्ला १८ पासून २५४ पर्यंत. आणखी एक गोष्ट त्यात निघाली, ती मी भिंतीवर लावली होती : एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. माझे दिवस शंभराच्या वर गेले.

मोजायचं काय, यात मी आधी चुकले. वेग मोजत होते आणि रोज रडत होते. मग मिनिटं मोजायला लागले. वेग माझ्या हातात नव्हता, वीस मिनिटं होती. वहीत तीस चौकोन आखले आणि पहिले दोन आधीच रंगवले, कारण दोन दिवस मी चाचपडत का होईना बसले होते. ही लबाडी उपयोगी आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गाडी धुण्याच्या दुकानाने काहींना आठ शिक्क्यांचं कार्ड दिलं, काहींना दहाचं पण दोन शिक्के आधीच मारलेलं. दोघांनाही गाडी आठच वेळा धुवून घ्यायची बाकी. पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पुरं केलं, दुसऱ्यातल्या ३४ टक्के.

आणि जुनं-नवं एकाच बैठकीत मिसळू नका. मी दुपारी जुन्या कीबोर्डवर गिऱ्हाइकांचं काम करायचे, कारण पोट त्यावर होतं. पण टेबल वेगळं, कीबोर्ड वेगळा. एकाच टेबलावर करून पाहिलं तेव्हा दोन्ही बिघडलं.

सोबतच्या माणसाला शेवटी सांगू नका

इथे मी चुकले. माझ्याकडे आठ वर्षं काम करणारा एक मुलगा होता. मला वाटलं, आपलं नक्की होऊ दे, मग सांगू. त्याला कळलं ते एका गिऱ्हाइकाकडून. दुसऱ्या दिवशी आला, हातातली प्रूफं ठेवली आणि म्हणाला, "ताई, तुम्ही शिकताय ते चांगलंय. माझं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. महिन्याभरात तो गेला. कामात माझ्यापेक्षा तरबेज होता, नवं दोन आठवड्यांत शिकला असता.

बदल तुमचा असतो, पण त्याची झळ घरच्यांना, हाताखालच्यांना, उधारीवर माल देणाऱ्यांना लागते. पक्कं ठरण्याआधीच सांगा. "अजून नक्की नाही, पण असं मनात आहे" एवढं वाक्य पुरतं.

उमेद कुठे सापडते

उमेद आली की सुरू करू, म्हणून थांबलेली माणसं मी खूप पाहिली. तीन वर्षं मीही त्यांतलीच. उमेद बहुधा सुरुवातीनंतर पंधरा-वीस मिनिटांनी येते, कधी येतही नाही. काम केलेलं मात्र शिल्लक राहतं.

स्वतःला लालूच दाखवून पाहिली. आठवडा पुरा झाला की एक साडी वगैरे. साडी मिळाली, आठवडे मिळाले नाहीत. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे : आवडीने चित्रं काढणाऱ्या मुलांना "काढलंत तर बक्षीस" असं आधी कबूल केलं, आणि नंतर तीच मुलं आपणहून कमी चित्रं काढायला लागली. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते माणसाला आतून ओढ लागायला तीन गोष्टी लागतात : आपण ठरवतोय ही भावना, जमतंय ही भावना, आणि कुणाशी तरी जोडलेपण. यातलं काय कमी आहे ते शोधलं की रुसलेल्या मनाचा बराच उलगडा होतो. मला तिसरं कमी होतं. मग शिकणाऱ्या दोघी-तिघींना रोज रात्री एकेक परिच्छेद पाठवायला लागले, त्या त्यांचा पाठवायच्या.

धंद्यासाठी याहून साधी युक्ती. पंधरा दिवस प्रत्येक कामापुढे अधिक किंवा उणे लिहा. पैशाचं नव्हे, ते करताना घड्याळाकडे किती वेळा पाहिलं त्याचं. मला वाटायचं मला टायपिंग आवडतं. खुणांनी सांगितलं की टायपिंग उणे. अधिक होतं ते दुसऱ्याचं लिखाण दुरुस्त करणं, निसटलेला अनुस्वार पकडणं, वाक्य मोडलंय तिथे बोट ठेवणं.

इथे फ्युजीफिल्म या जपानी कंपनीचं उदाहरण मला नेहमी आठवतं. फोटोच्या फिल्मचा धंदा बसला तेव्हा त्यांनी आपल्याला काय बनवता येतं यापेक्षा आपल्याला काय कळतं ते पाहिलं. फिल्ममधलं जिलेटिन कोलॅजेनपासून येतं, जे आपल्या त्वचेतही असतं, आणि फोटो फिका पडू नये म्हणून ऑक्सिडेशन रोखायचं शास्त्र त्यांच्याकडे होतंच. २००६-०७ च्या सुमारास ते त्वचेच्या प्रसाधनांत उतरले. माझ्या वहीत मी तसंच लिहिलं : मला काय कळतं? उत्तर आलं, जुने फॉन्ट. ज्या गोष्टीची मला लाज वाटत होती तीच. जुन्या फॉन्टमधल्या फाइली युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. नव्या मुलांना ते नुसतं चुकलेलं दिसतं. मला ते का चुकलं ते कळतं. आज माझा धंदा तोच आहे, जुन्या पुस्तकांच्या फाइली नव्यात आणणं आणि ओळ न् ओळ तपासणं.

एक सांगायचं राहिलं. कशातच रस नाही, झोप उडाली आहे, आवडत्या माणसांशीही बोलावंसं वाटत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर वह्या-चौकोन बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना भेटा. तो आळस नसतो.

इनस्क्रिप्टवर माझा वेग आता अडतीस आहे. चाळीस कधी झाला नाही. जुना कीबोर्ड कपाटात आहे, त्यावरच्या क च्या बटणावरचं अक्षर पार पुसलं गेलंय. मागच्या आठवड्यात ताप आला होता, तरी एक पान तपासायला बसले, आणि "किती" लिहिताना बोट आधी वेलांटीवर गेलं.